काम थांबलं, घरी बसलो: आता प्रार्थना कुठून सुरू करायची?

आमच्या आजोबांच्या घरात घड्याळ नव्हतं. भोंगा होता. मिलचा पहिला भोंगा झाला की चूल पेटायची, दुसऱ्याला डबा भरायचा आणि तिसऱ्याच्या आत आजोबा गेटात. आजीची प्रार्थनाही भोंग्यालाच बांधलेली. आजोबा उंबऱ्यात उभे, एका हातात डबा, पायात चप्पल अडकवलेली. आजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून दोन वाक्यं म्हणणार आणि ‘आमेन’ होईतो ते पायऱ्या उतरलेले. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढे दोन-तीन पिढ्या गावाचं जेवण, झोप, लग्नकार्य सगळं गिरण्यांच्या पाळ्यांवर चाललं. गिरणी बंद पडली तेव्हा पगार गेला हे तर झालंच, पण आजी सांगायची, “प्रार्थना पण बंद पडली बघ. माणूस दिवसभर घरातच. आता त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा कधी?”

हे मला खरं कळलं ते तीन वर्षांपूर्वी, एप्रिलात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब लिहितो. वाळूवरून गाडी घसरली, उजवा पाय मोडला, सहा आठवडे प्लास्टर. त्यात मंदी, माग आठवड्यातून चारच दिवस चालायचे. भेटायला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जायचा: “बरं झालं, आता निवांत बायबल वाचा.” मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या आठवड्यात बायबल एकदा उघडलं. मोबाईल किती वेळा उघडला ते विचारू नका. हिशेबाच्या माणसाला मोजायची खोड असते म्हणून मोजलं, दिवसाला पाच तास भरले.

वेळ मिळाला की भक्ती आपोआप होते, हा मोठा गैरसमज आहे. तसंच घरच्यांजवळ बसलं की जवळीक होते, हाही. एकाच खोलीत चार माणसं चार मोबाईल घेऊन बसलेली असतात. रिकाम्या वेळेला खुंटी लागते, नाहीतर तो जमिनीवर पडून राहतो. पुढे लिहिलंय ते ही खुंटी कशी ठोकायची याबद्दल. काम सुटलेले, निवृत्त झालेले, दुखण्याने घरी बसलेले, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्या सुना, आणि लहानपणी संडे स्कूलला जाऊन नंतर वीस वर्षं फक्त नाताळला दिसलेले माझ्यासारखे लोक यांच्यासाठी हे आहे. मी पाळक नाही. चुकत चुकत जे जमलं तेवढंच सांगतो.

पहिल्या आठवड्यात काही करू नका

खरंच. झोपा, वेळेवर जेवा. १ राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलिया संदेष्ट्याची गोष्ट आहे. तो थकून, घाबरून रानात पळालाय, एका झुडपाखाली बसून ‘आता मला मरण दे’ म्हणतोय. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत येतो, उठवतो आणि सांगतो, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचं भांडं. तो खातो आणि पुन्हा झोपतो! देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला घालतो. पुढचं सगळं, तो वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी आलेला तो हळू आवाज, नंतर. आणि त्या आवाजाचा प्रश्नही अगदी घरगुती आहे: इथे काय करतोयस? आमच्या सोलापुरी बोलीत म्हणायचं तर, “हितं काय करूलालास?”

हा अध्याय आमच्या सासूबाईंनी मला वाचून दाखवला, प्लास्टरच्या तिसऱ्या दिवशी, आणि वर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढ्यात ठेवलं. त्या दिवशी मी इतकंच केलं: खाल्लं.

एक गोष्ट मात्र पहिल्या आठवड्यातच करा. मोबाईल चार्जिंगला लावायची जागा झोपायच्या खोलीतून बाहेर काढा. आम्ही तो फ्रिजच्या डोक्यावर ठेवायला लागलो. फार मोठा त्याग नाही, पण कुबडी घेऊन फ्रिजपर्यंत जायचा कंटाळा हीसुद्धा कधीकधी कृपाच असते.

घरचा हिशेब घरात सांगा

हे पाऊल लोक गाळतात. मीही गाळलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा पगार त्या महिन्यात जवळजवळ निम्मा झाला होता आणि ते मी घरात सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांचे आकडे जुळवायचा पगार घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरचा आकडा लपवला. बायकोला बँकेच्या मेसेजवरून कळलं. ती ओरडली नाही. फक्त त्या रात्री जेवताना मी सवयीने डोळे मिटून “प्रभू, या अन्नाबद्दल...” सुरू केलं, तेव्हा तिने ताट उचललं आणि आत जाऊन जेवली.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मी हे शंभरदा ऐकलं असेन. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की हे मंदिरातल्या माणसापेक्षा जेवणाच्या ताटावर बसलेल्या माणसाला जास्त लागू आहे.

तर कृती अशी. रात्रीचं जेवण झाल्यावर बसा, जेवणाआधी नको. उपाशी पोटी पैशाची गोष्ट काढली की भांडणच होतं. एक कोरा कागद घ्या. किती येतंय, किती जातंय, किती दिवस पुरेल, तीन आकडे लिहा. बारा-तेरा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर त्यांना बसवा. त्यांना तसंही कळलेलं असतं, फक्त अर्धवट, आणि अर्धवट कळलेलं जास्त घाबरवतं. आमच्या मुलीने कागद पाहून विचारलं, “पप्पा, मग माझी सहल कॅन्सल?” मी म्हटलं, हो. ती रडली. पण दुसऱ्या दिवसापासून घरातली कुजबुज थांबली.

मग त्या कागदावर हात ठेवून एक वाक्य बोला. मोठी प्रार्थना नको. ‘देवा, हे एवढं आहे, आम्हाला भीती वाटते’ एवढं पुरे. एवढंही सुचत नसेल तर स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र वाचा. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? तक्रार करणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं आपल्याकडे उगाच शिकवलं जातं. बायबलमधली कितीतरी स्तोत्रं सरळ तक्रारी आहेत.

खुंटी शोधा

आता प्रार्थनेची वेळ. नवशिके पहिली चूक इथेच करतात: पहाटे पाचचा गजर. येशू पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला हे मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे, पण त्याच्या आदल्या संध्याकाळी दारात सगळं गाव जमलं होतं आणि त्याला दुसरीकडे एकांत मिळण्यासारखा नव्हता. तुमचं तसं नाही. तुम्ही दिवसभर घरात आहात.

नवी वेळ तयार करू नका. घरात जे रोज न चुकता होतंच, त्याला प्रार्थना अडकवा. सकाळचा पहिला चहा, मुलांची शाळेची रिक्षा यायच्या आधीची पाच मिनिटं, रात्री गच्चीवर अंथरुणं टाकल्यावर. सोलापूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की दुपारी एक ते चार माणूस देवाचंही ऐकण्याच्या अवस्थेत नसतो, ती वेळ सोडून द्या. मालिकेची वेळही सोडून द्या. सासूबाईंशी त्यावरून वाद घालून झालाय, हरलो.

आमची खुंटी गच्ची ठरली. सिमेंट रात्री नऊपर्यंत तापलेलं असतं, त्यावर पाणी मारायचं, वाफ निघून जाईपर्यंत थांबायचं, मग चटया, मग चादरी. मला चढता येत नव्हतं तेव्हा मुलगा मला पाठीमागून धरून एकेक पायरी वर चढवायचा. एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाला असलेला मुलगा. त्याच्या-माझ्यात त्याआधी वर्षभर ‘पेट्रोल टाकलंस का’ याच्यापुढे बोलणं नव्हतं. चौदा पायऱ्या चढायला आम्हाला चार-पाच मिनिटं लागायची आणि त्या वेळात तो बोलायचा, कारण दोघांनाही एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. मुलांशी बोलायचं असेल तर समोर बसवू नका. शेजारी चाला, मागे-पुढे चढा, एकत्र काहीतरी निवडा, सोला. लूकच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या रस्त्यावर ते दोन शिष्य साधारण अकरा किलोमीटर चालतात, तिसरा प्रवासी त्यांच्या बरोबरीने चालत राहतो. तो येशू आहे हे त्यांना कळतं ते भाकरी मोडताना. पण मन मोकळं झालेलं असतं वाटेतच.

एकूण वेळ सात ते दहा मिनिटं. दोन मिनिटं गाणं, तीन-चार मिनिटं वाचन, बाकी प्रार्थना. दहाच्या वर गेलात तर पंधरा दिवसांत सगळं बंद पडेल.

वाचायचं काय

उत्पत्तीपासून सुरू करू नका. उत्साहाने सुरू करतात आणि निर्गमच्या मध्यावर, निवासमंडपाची मापं आली की थांबतात.

सुरुवातीला मार्क. येशूच्या आयुष्याची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं सगळ्यांत लहान, सोळा अध्याय, भरभर पळणारं. रोज अर्धा अध्याय मोठ्याने वाचला तर महिन्याभरात होतं. ‘मोठ्याने’ हे महत्त्वाचं. डोळ्यांनी वाचताना मन बाजारात जाऊन येतं.

दुसरं, मत्तय पाच ते सात, म्हणजे डोंगरावरील प्रवचन. नारायण वामन टिळक आगगाडीने प्रवास करत असताना एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पुस्तक हातात घेतलं की वाचून संपवायचं ही त्यांची सवय, म्हणून वाचायला बसले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आज मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, जी भजनं पेटी-तबल्यावर म्हणतात त्यांतली कितीतरी त्यांची आहेत. अभंग-ओवीच्या वळणाची, त्यामुळे चाल कानाला परकी वाटत नाही. ‘उपासना संगीत’ हे भजनांचं पुस्तक घरात असेल तर ते आणि बायबल एकाच फडताळात ठेवा. गाणं येत नसेल तर नुसतं वाचलं तरी चालतं.

भाषेबद्दल थोडं. जुन्या बायबलची मराठी मुलांना जड जाते. हा प्रश्न आजचा नाही. सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड सोडलं की केडगाव स्टेशन लागतं. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंनी साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणायचा ध्यास घेतला आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते संपूर्ण छापून आलं. तेव्हा सोप्या भाषेतली आवृत्ती घेतली म्हणजे आपण काही पाप केलं असं समजू नका. मोबाईलवरही मराठी बायबल मिळतं, पण कौटुंबिक उपासनेला छापील वापरा. मोबाईलमध्ये वचन शोधता शोधता क्रिकेटचा स्कोअर दिसतो, आणि मग गेलंच.

तिसरं, रूथ. चारच अध्याय. हे मात्र नुसतं बसून वाचू नका, शेंगोळे वळताना वाचा.

आमच्याकडे ते असं झालं. हुलग्याचं पीठ, त्यात थोडं ज्वारीचं, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, मीठ, घट्ट मळलेला गोळा. परात मध्ये, भोवती बाकीचे चौघं, मी खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बायबल घेऊन. शेंगोळा वळायला हात लागतात दोन आणि डोकं लागत नाही. बोटांवर तेल, पिठाची लांब वात, तिची टोकं जुळवून कडं. रूथच्या गोष्टीत बेथलेहेमात दुष्काळ पडतो. बेथलेहेम या नावाचा अर्थच ‘भाकरीचं घर’, आणि तिथेच भाकरी नाही. हे वाचल्यावर सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय, खडी फोडायला गेल्यात. त्या दिवशी त्यांनी मिलोच्या लाल ज्वारीच्या भाकरीची गोष्ट सांगितली, जी त्यांच्या मुलीनेही आधी ऐकली नव्हती. रूथची सासू नामी नवरा-मुलं गमावून गावात परत येते आणि म्हणते मला मारा म्हणा, म्हणजे ‘कडू’, त्या वचनापाशी आम्ही बराच वेळ होतो. दुसरा अध्याय त्या दिवशी झालाच नाही. पाणी उकळून निम्मं झालं होतं.

असं झालं तर वाचन अपुरं राहिलं म्हणून हळहळू नका.

मोठ्याने प्रार्थना जमत नाही, तर

बहुतेकांना जमत नाही. मंडळीतले वडीलधारे पुढारी उठून पंधरा मिनिटं प्रार्थना करतात ते ऐकून तर धीरच होत नाही. चार वाक्यांचा साचा घ्या: देवाला हाक, आजच्या एका गोष्टीबद्दल आभार, आज काय चुकलं, उद्यासाठी एक मागणी. प्रत्येकाने आपापली. गोष्ट नेमकी असू द्या. ‘सर्व आशीर्वादांबद्दल आभार’ यात काही नसतं. ‘आज रिक्षावाल्याने सुट्ट्यासाठी कटकट केली नाही’ यात असतं. नाहीच जमलं तर प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणा आणि झोपा. येशूने शिष्यांना दिलेली आहे, कमी दर्जाची नाही.

घरात दोन भाषा असतील, आणि सोलापुरात त्या असतातच, तर ज्याला ज्या भाषेत रडता येतं त्या भाषेत त्याने प्रार्थना करावी. आमच्या सासूबाई तेलुगूत करतात. “प्रभुवा” असं म्हणून सुरू होतात ते कुठे थांबतील सांगता येत नाही. मला निम्मं कळत नाही. माझं नाव मध्येच आलेलं मात्र बरोबर कळतं.

घरातलं कुणी तयार नसेल

ओढू नका. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं त्या घराने काय सोसलं ते मराठी वाचकांना ठाऊक आहे. एकाच घरातल्या, एकमेकांवर जीव असलेल्या दोन माणसांनाही एकाच दिवशी एकाच दारातून जाता आलं नाही. येशूच्या भावांचाही त्याच्यावर आधी विश्वास नव्हता. योहानाने हे स्पष्ट लिहून ठेवलंय. एकदा तर घरचे लोक त्याचं डोकं फिरलंय असं समजून त्याला धरून न्यायला आले होते. त्यातला एक भाऊ, याकोब, पुढे यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला.

आमचा मुलगा पहिले तीन आठवडे गच्चीवर यायचा, पण कानात इयरफोन घालून पाठ करून झोपायचा. बायको मला डोळ्याने खुणावायची, काही बोलू नका. मी एकदा बोललो. दोन दिवस तो खालीच झोपला, उकाड्यात. तेव्हापासून नाही बोललो.

सून दुसऱ्या धर्मातून आलेली असेल, जावई असेल, तर त्यांना आधी फक्त ऐकू द्या. प्रश्न विचारला तरच उत्तर, आणि उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही’. त्यांच्या माहेरच्या सणाला आपणही जा. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला सगळं सोलापूर लोटतं, त्यात मूल आजोबांच्या खांद्यावर बसून पाळणे बघून आलं म्हणून कुणाचा विश्वास बुडत नाही. यावर माझ्याशी भांडणारे लोक आमच्याच मंडळीत आहेत. असू देत.

मंडळी कशी शोधायची

घरातली उपासना महिनाभर टिकली की मगच. आणि एकट्याने विश्वास फार दिवस टिकत नाही म्हणून नक्कीच.

सोलापुरात एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने काम सुरू केलं. त्या परंपरेतल्या बहुतेक जुन्या मंडळ्या आज १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. कॅथलिक चर्च पुणे धर्मप्रांतात येतं. शिवाय वेगवेगळ्या पंथांच्या लहान मंडळ्या आणि घरसभा आहेत, मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी. जवळच्या दोन-तीन ठिकाणी प्रत्येकी दोनदा जा. एकाच भेटीवर मत बनवू नका. एखाद्या रविवारी पाळकांनाही ताप असतो.

पहिल्यांदा जाताना दहा मिनिटं आधी पोहोचा, मागून तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसा. कुणी “जय ख्रिस्त” म्हणालं तर तेच परत म्हणा. उभं कधी राहायचं, बसायचं कधी, ते पुढच्यांकडे बघून कळतं. दानाची थैली फिरते तेव्हा नवख्याने टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, बऱ्याच मराठी मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. बाप्तिस्मा, दृढीकरण (मंडळीत पूर्ण सभासद म्हणून घेण्याचा विधी) झालेलं नसेल तर जागेवरच बसून राहा, कुणाला राग येत नाही. कॅथलिक मिस्सेतही तेच, ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे जायचं नाही. मग पाळकसाहेबांना किंवा फादरांना आठवड्यात निवांत भेटा. रविवारी उपासनेनंतर त्यांच्याभोवती गर्दी असते आणि त्यांनाही भूक लागलेली असते.

पारख कशाने करायची? मी एकच बघतो: आजारी माणसाच्या घरी कुणी जातं का. मी पडलो तेव्हा महिला मंडळाच्या दोघी मावश्या दर बुधवारी यायच्या. एक पेपर वाचून दाखवायची, दुसरी चटणी कुटून द्यायची. प्रार्थना निघताना, उभ्या उभ्या.

आणि ‘विश्वास ठेव आणि औषध बंद कर’ किंवा ‘अमुक रकमेचं दान दे, काम मिळेल’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं. वाद घालायचा नाही, उठायचं. नव्या करारातला लूक हा स्वतः वैद्य होता. तसंच, दोन-दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगावंसं वाटत नाही असं होत असेल तर तो भक्तीचा कमीपणा नाही. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं.

रविवारच्या मटणाचं काय करायचं

हसू नका, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे रविवार म्हणजे मटण. पुरुष सकाळी रांगेत उभे राहून आणतात आणि त्याला कर्तव्य समजतात. मग बाई उपासनेला येते ती मसाला अर्धा भाजून, आणि उपदेश चालू असताना तिच्या डोक्यात खोबरं असतं. निर्गमच्या विसाव्या अध्यायात शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा नीट वाचा: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, गावात राहणारा परका, सगळ्यांनी विसावा घ्यायचाय. बैलालासुद्धा सुट्टी आहे आणि घरच्या बाईला नाही, असा अर्थ कुठूनच निघत नाही.

आम्ही केलं ते असं: मसाला शनिवारी रात्री वाटून ठेवायचा, कांदा-लसूण मुलाने सोलायचा. घरी आल्यावर कुकर मी लावतो. पहिल्या दोन रविवारी रस्सा पाणचट झाला आणि बायकोने तो काही न बोलता खाल्ला. चौथ्या रविवारी जमला. दुपारी दोनला जेवायची तयारी ठेवा, तोवर केळी खा.

पाण्याची रात्र

शेवटचं, आणि हे आम्ही ठरवून केलेलं नाही.

उजनीहून शंभराहून अधिक किलोमीटर पाइपातून पाणी येतं आणि आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड सुटतं, बहुतेक वेळा अवेळी. पहाटे तीनला नळ सुसू करायला लागतो आणि सगळं घर उठतं. बायको मोटार लावते, मुलगा पाइप घेऊन टाकीशी, मुलगी बादल्या-कळश्या, सासूबाई नुसत्या सूचना. मी प्लास्टर घेऊन मोरीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. पिंपं भरेपर्यंत पाऊण तास करण्यासारखं काही नसतं, आणि झोपताही येत नाही.

मेच्या अशाच एका रात्री मुलगी कंटाळून म्हणाली, “पप्पा, ते वाळवंटातलं वाचा ना.” तिला त्रेसष्टावं स्तोत्र म्हणायचं होतं: पाणी नसलेल्या रुक्ष, कोरड्या भूमीत जीव तहानलाय, असं सुरू होतं ते. मला पाठ नव्हतं. मुलाने इयरफोन नव्हता घातला, तिथूनच म्हणाला, “थांबा, टॉर्च धरतो.” मोबाईलच्या उजेडात, नळाच्या आवाजात मी वाचलं.

तेव्हापासून पाण्याच्या रात्री उपासना होते. पाय बरा झाला, माग पुन्हा सहा दिवस चालू झाले, गच्चीवर झोपणं पावसाळ्यात बंद पडलं, पण ही राहिली. तुम्हाला करायची असेल तर काही सूचना. बायबल पाण्यापासून लांब, खिडकीत ठेवा. उभ्यानेच म्हणा, बसलात की झोप लागते. वाचन पाच वचनांच्या पुढे नको. आणि पिंपाच्या आवाजाकडे एक कान असू द्या: रिकाम्या पिंपात पाणी पडताना आवाज जाड, घुमणारा असतो, भरत आलं की बारीक आणि चढा होत जातो. तो चढायला लागला की शेवटचं वाक्य घ्यायचं.

सासूबाईंना हे अजून जमलेलं नाही. परवाच्या रात्री त्यांची पाळी होती. “प्रभुवा...” करून त्यांनी हैदराबादची बहीण, तिची सून, सुनेचा गुडघा असं सगळं घेतलं, आवाज बारीक होत गेला, आम्ही एकमेकांकडे बघतोय, डोळे मात्र त्यांचे मिटलेले. शेवटी मुलगाच ओरडला, “अम्मम्मा, आमेन म्हण, पिंप वाहूलालंय!”